चिखलपान: फुलपाखरांचा खारा व्यवहार

फुलपाखरू फुलावर बसून मकरंद पिते, ही माहिती खरी असली तरी अर्धी आहे. उरलेली अर्धी भिंतीवरच्या कॅलेंडरात येत नाही, शुभेच्छापत्रावर तर मुळीच येत नाही, कारण तिच्यात शेण आहे. ओली माती, नदीकाठची वाळू, गुरांच्या मूत्राने भिजलेली जमीन, ताजे शेण, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला खेकडा आणि माणसाचा घाम यांवर बसून सोंडेने त्यांतला द्रव शोषण्याच्या सवयीला चिखलपान म्हणतात. निरीक्षक मंडळींच्या बोलण्यात त्याचेच नाव ‘मड पडलिंग’. यादीतला चिखल हा त्यातल्या त्यात चारचौघांत सांगण्याजोगा पदार्थ असल्याने नाव त्याच्यावरून पडले आणि बाकीच्या पदार्थांवर पांघरूण पडले.

चिखलपान ही एखाद्या वाया गेलेल्या फुलपाखराची खोड नव्हे. शेपटीवाल्या मोठ्या स्वॉलोटेल फुलपाखरांपासून नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांपर्यंत निरनिराळ्या कुळांतल्या असंख्य जाती ते करतात. उष्ण प्रदेशांत ते ठळकपणे दिसते. दिवसा फुलपाखरे उठली की रात्री पतंग बसतात, त्यामुळे काही ठिकाणी चिखलाला सुटी अशी मिळतच नाही.

मकरंदात काय नसते

मकरंद म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी. उडायला लागणारी शक्ती त्यातून मिळते आणि तेवढ्यापुरते ते उत्तम अन्न आहे. अमिनो आम्ले त्यात असतात, पण नावाला. सोडियम तर बहुधा नावालाही नसते. यात फुलाचा काही कंजूषपणा नाही. बहुतेक वनस्पतींना सोडियम लागत नाही. त्यांचा कारभार पोटॅशियमवर चालतो आणि जे स्वतःच्या घरात नाही ते पाहुण्यापुढे ठेवण्याचा प्रश्न येत नाही.

प्राण्यांचे मात्र सोडियमवाचून चालत नाही. मज्जातंतूंतून संदेश जाण्यासाठी, स्नायूंच्या कामासाठी, शरीरातल्या पाण्याचा तोल राखण्यासाठी ते लागते. वाघाला मीठ वेगळे घ्यावे लागत नाही, ते हरणातच घातलेले असते. हरणाला मात्र पाल्यातून ते पुरेसे मिळत नाही, म्हणून ते खारी माती चाटत हिंडते. गवे आणि हत्तीही तेच करतात. पाळीव गुरांसाठी गोठ्यात मिठाचा खडा टांगलेला असतो. सुरवंट हाही शुद्ध शाकाहारी प्राणी आहे आणि त्याच्या पथ्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. तो जन्मभर पाला खातो, पोटॅशियमने तुडुंब भरतो आणि सोडियमच्या बाबतीत जवळजवळ रित्या हाताने कोशात जातो. कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराला पंख नवे मिळतात, पण मिठाचे खाते जुनेच असते. त्यानंतरचे आयुष्य पुष्कळ जातींत काही आठवड्यांचे, आणि त्या काळात उडायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. एवढा पसारा साखरेच्या पाण्यावर निभत नाही.

जमिनीत मात्र हवे ते असते. पाणी मातीतले क्षार विरघळवते, वर येऊन उन्हाने उडून जाते आणि क्षार वरच्या थरात मागे राहतात. गुरे जिथे उभी राहतात, लोक जिथे आडोसा पाहून थांबतात, जनावरे जिथे पाण्यावर येतात, तिथे त्यात आणखी भर पडते. माणसाला नाक मुरडायला लावणारी जागा फुलपाखराच्या दृष्टीने सकस ठरते, ती अशी.

सोंड आणि पाय

चिखलपानाचे साधन म्हणजे सोंड. काम नसताना ती डोक्याखाली गुंडाळून ठेवलेली असते. ती एकसंध नसून दोन लांब अर्ध्या भागांची असते. कोशातून बाहेर आल्यावर फुलपाखराला हे दोन भाग बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवून नळी तयार करावी लागते. हे पहिल्याच दिवशीचे काम आहे आणि ते जमले नाही तर पुढचे दिवस उपाशी जातात. डोक्यातला स्नायूंचा पंप द्रव वर खेचतो. सोंडेला दात नसतात, चावण्याची सोय नसते. त्यामुळे पदार्थ कितीही आवडता असला तरी तो विरघळलेला असावा लागतो. ओल्या वाळूत कणांच्या फटींमध्ये पाणी धरून असते आणि सोंडेचे बारीक टोक तिथवर सहज पोहोचते. वाळूतून गाळून आलेले पाणी पिण्याची पद्धत फुलपाखरांना घरोघरी फिल्टर बसण्याच्या फार आधीपासून माहीत आहे. फरक एवढाच, की माणूस गाळून क्षार काढून टाकतो आणि फुलपाखरू क्षारांसाठीच तिथे आलेले असते.

जागा योग्य आहे की नाही, हे आधी पाय ठरवतात. फुलपाखराच्या पावलांवर चवीची जाणीव देणारे सूक्ष्म केस असतात. अमेरिकी शास्त्रज्ञ ड्वाइट मिनिक यांनी १९२० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले, की पावलाला साखरेच्या द्रावणाचा स्पर्श झाला की फुलपाखरू सोंड उलगडते. ताटाला पाय लागला तर आपल्याकडे नमस्कार करतात. फुलपाखराचे जेवण पाय लागल्याशिवाय सुरूच होत नाही.

पदार्थ वाळलेला असेल तर काय करायचे, याचे उत्तर स्किपर कुळातल्या छोट्या, चपळ फुलपाखरांनी काढलेले आहे. पानावर पक्ष्याची वाळलेली विष्ठा दिसली की स्किपर तिच्यावर बसते, पोटाचे टोक पुढे वळवते, मागच्या बाजूने द्रवाचा एक थेंब त्या विष्ठेवर सोडते, क्षार विरघळू देते आणि मग तोच थेंब सोंडेने परत पिते. पाणी वाया न घालवता ते पुन्हा वापरण्याचा उपदेश माणसाला वारंवार करावा लागतो. स्किपरने तो इतका मनावर घेतला आहे, की उदाहरण म्हणून तिचे नाव कोणी पुढे करत नाही.

शोध

फुलपाखरे चिखलावर का जमतात, हा प्रश्न नवा नाही. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने नदीच्या वाळूवर पंख मिटून दाटीवाटीने बसलेल्या पिवळ्या-नारिंगी फुलपाखरांच्या थव्यांची नोंद केली. दृश्य मोठे मनोहर होते, त्यामुळे पुढे पुष्कळ काळ त्याचे वर्णनच होत राहिले. कारण विचारले, तर बहुतेकांचे समाधान ‘तहान’ या उत्तरावर होई. उन्हाळा आहे, पाणी आहे, पीत आहेत, यात शोधण्यासारखे काय? अडचण अशी होती, की शेजारून स्वच्छ पाणी वाहत असतानाही ही मंडळी नेमकी गढूळ, ओशट कोपऱ्यात बसलेली असत. शिवाय तोंडाने प्यालेले पाणी मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर टाकणेही चालू असे. तहानलेला प्राणी असे सहसा करत नाही.

१९७४ साली कॅरेन आर्म्स, पॉल फीनी आणि रॉबर्ट लेडरहाउस या तिघांनी टायगर स्वॉलोटेल या अमेरिकी फुलपाखरापुढे निरनिराळ्या द्रावणांनी भिजवलेली वाळू मांडली आणि त्याची निवड पाहिली. फुलपाखरांना रोखून धरणारा पदार्थ सोडियम निघाला. हे संशोधन ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. तहानेचा मुद्दा त्यानंतर मागे पडला.

तरीही सगळी गोष्ट मिठावर संपत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्निओतल्या एका अभ्यासात संशोधकांनी फुलपाखरांना मीठ आणि प्रथिने दोन्ही देऊ केली. तेव्हा अनेक फुलपाखरांचा ओढा प्रथिनांकडे, म्हणजे पर्यायाने नायट्रोजनकडे दिसला. स्वॉलोटेल मात्र मिठाशी एकनिष्ठ राहिले. चिखलपान हा एकाच पदार्थाचा नाद नसून मकरंदाच्या आहारात राहिलेल्या उणिवा ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे भरून काढण्याचा प्रकार आहे. कुणाला मीठ कमी पडते, कुणाला प्रथिने. साखर कमी पडली अशी तक्रार घेऊन चिखलावर कोणी येत नाही.

नरांची गर्दी

चिखलावर जमलेल्या घोळक्याकडे नीट पाहिले, तर त्यात बहुसंख्य नर आढळतात आणि तेही बहुधा नुकतेच कोशातून निघालेले, पंखांवर ओरखडाही नसलेले. कामाच्या वेळी तरुण मंडळी नाल्यावर घोळका करून बसलेली पाहून वडीलधाऱ्यांचा जो ग्रह होईल, तो इथे चुकीचा ठरतो. ही मंडळी लग्नाच्या तयारीला बसलेली असतात.

मीलनाच्या वेळी फुलपाखराचा नर मादीला शुक्रपेशींसोबत पोषक द्रव्यांची एक पुडी देतो. शास्त्रीय भाषेत तिला शुक्राणुपुटक म्हणतात आणि तिच्यातल्या पोषक ऐवजाला विवाहभेट. या भेटीत सोडियम असते. मादी त्यातले बरेचसे स्वतःसाठी न ठेवता अंड्यांत घालते. सारांश, लग्नात देणे-घेणे इथेही आहे. फक्त ते मुलाकडून आहे, मिठाच्या रूपात आहे आणि कमी पडले म्हणून मांडवात रुसून बसलेल्या आत्याबाईंची नोंद अद्याप झालेली नाही.

या व्यवहाराचा चोख हिशेब स्कॉट स्मेडली आणि थॉमस आयझनर यांनी १९९५ आणि १९९६ मध्ये मांडला. त्यांनी निवडलेला प्राणी फुलपाखरू नव्हता, तर उत्तर अमेरिकेतला ग्लुफिसिया सेप्टेन्ट्रिओनिस हा करड्या रंगाचा पतंग होता. दिसायला तो इतका साधा आहे, की त्याच्यावर कविता होण्याचा धोका नव्हता. याचा सुरवंट ॲस्पेन नावाच्या झाडाचा पाला खातो आणि त्या पाल्यात सोडियम अत्यंत कमी असते. नर पतंग रात्री डबक्याकाठी बसतो आणि तासन् तास पाणी पितो. पाणी एका बाजूने आत जाते, आतड्यात त्यातले सोडियम काढून घेतले जाते आणि उरलेले पाणी मागच्या बाजूने काही क्षणांच्या अंतराने पिचकारीसारखे बाहेर फेकले जाते. एका बैठकीत नर स्वतःच्या वजनाच्या ६०० पटींहून अधिक पाणी असे आरपार काढू शकतो. साठ किलो वजनाच्या माणसाने हा उद्योग करायचा म्हटला तर त्याला ३६ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीनहून अधिक टँकर एकट्यासाठी, आणि तेही सोसायटीच्या सभेत ठराव न होता.

एवढ्या खटाटोपातून मादीला मिळणारी भेट किती? सुमारे १० मायक्रोग्रॅम सोडियम. अर्धा चमचा मिठात साधारण एक ग्रॅम सोडियम असते, म्हणजे तेवढ्यात असे एक लाख विवाह पार पडतात. पण दहा मायक्रोग्रॅमला हसू नये. चिखलपान केलेल्या नराच्या अंगातल्या एकूण सोडियमपैकी निम्म्याहून अधिक भाग तो देऊन टाकतो. अर्धी इस्टेट पहिल्याच भेटीत लिहून देणारा जावई इतर प्राण्यांत विरळा. परिणामही तसाच होतो. अशा नराच्या पिलांमध्ये अंड्यातून बाहेर पडताना इतर पिलांच्या तुलनेत दुप्पट ते चौपट सोडियम असते. बापाचे तोंड ती कधी पाहत नाहीत, पण त्याने रात्रभर डबक्यावर बसून जमवलेले मीठ मात्र त्यांच्या अंगात असते आणि अळणी पाल्यावर काढायच्या दिवसांसाठी ती शिदोरी पुरते.

माद्या चिखलावर कमी का येतात, याचे उत्तर यातच आले. त्यांचा वेळ अंडी घालण्यासाठी नेमके झाड शोधण्यात जातो. प्रत्येक जातीच्या सुरवंटाला ठरावीकच वनस्पती चालतात. चिखलावर बसण्यात जिवाचा धोका असतो आणि मीठ घरपोच मिळण्याची व्यवस्था आहे. काही जातींत वय झालेल्या माद्याही चिखलावर दिसतात. पुष्कळ अंडी घालून झाली की साठा उतरतो. मग दुसऱ्यावर विसंबून न राहता त्या स्वतः बाजारहाट करतात.

बैठक

एक फुलपाखरू बसले की दुसरे येते, दुसरे बसले की चौघे येतात. बसलेल्याला पाहून येणाऱ्याचा जागेवरचा विश्वास वाढतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओल्या जागी फुलपाखरांचे नमुने मांडून ठेवल्यावर त्यांच्याकडे जिवंत स्वॉलोटेल आकर्षित झाले. मांडलेला नमुना काही पीत नाही, हलत नाही, बोलत नाही. पण बसलेला आहे एवढ्यावरून इतरांनी जागा चांगली असल्याचा निष्कर्ष काढला. गर्दी पाहून हॉटेल निवडणाऱ्यांनी यावर फार हसण्याचे कारण नाही.

बैठकीत आपल्यासारख्याला आपल्यासारख्याजवळ बसायला आवडते. पांढरी-पिवळी फुलपाखरे एका बाजूला, स्वॉलोटेल दुसरीकडे, छोटी निळी तिसरीकडे, असे गट पडलेले दिसतात. रीतीही वेगळ्या. पांढरी-पिवळी मंडळी पंख पाठीवर मिटून शिस्तीत बसतात. बरेचसे स्वॉलोटेल पितानाही पंख फडफडवत राहतात, जणू आपण फक्त दोन मिनिटांसाठी आलो आहोत. प्रत्यक्षात तेही तासभर हलत नाहीत.

सह्याद्रीत हा कार्यक्रम पाहण्याचा उत्तम काळ पावसाळा ओसरल्यानंतरचा. ऐन पावसात चिखल मुबलक असतो, पण ऊन नसते आणि सतत धुपणाऱ्या मातीत क्षारही टिकत नाहीत. पाऊस थांबला, ओढे आटू लागले, काठची वाळू नुसती ओलसर राहिली आणि वर ऊन तापले की बैठक भरते. आंबोली, ताम्हिणी, फणसाड, मुंबईच्या पोटातले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा गोव्यातले मोले, यांपैकी कुठेही ओढ्याच्या काठी कॉमन जे, ब्लूबॉटल, लाइम, कॉमन एमिग्रंट, अल्बट्रॉस, ग्रास यलो अशी मंडळी दिसू शकतात. ब्लू मॉर्मनचा नरही येतो. हे काळे-निळे देखणे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले आणि असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. त्यानंतरही त्याने ओढ्याकाठच्या चिखलात बसणे सोडलेले नाही. पद मिळाल्यावर जमिनीशी संबंध राखणाऱ्यांची उदाहरणे मोजकीच असल्याने ही बाब नोंदवून ठेवणे योग्य.

बैठकीला धोकेही आहेत. सोंड वाळूत, लक्ष मिठात, अशा अवस्थेत सरडा, बेडूक किंवा वेडा राघू जवळ आलेला कळत नाही. घोळक्यात बसण्याचा एक फायदा असा, की एक दचकले की सगळी उडतात आणि इतके रंग एकदम डोळ्यांसमोर उसळल्यावर नेमके कुणाला धरायचे, हे शिकाऱ्याला ठरवता येत नाही. जुन्या काळच्या संग्राहकांनी मात्र यावर तोड काढली होती. पकडलेली फुलपाखरे ओल्या जागी मांडायची, जागा आधी स्वतःच्या मूत्राने भिजवायची आणि जाळे घेऊन वाट पाहायची. आज युरोपातल्या संग्रहालयांत काचेखाली, मखमलीवर टाचलेल्या काही सुंदर नमुन्यांचा पूर्वेतिहास असा आहे. तो शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

राजे, नवाब आणि इतर शौकीन

भारतातल्या अनेक फुलपाखरांची इंग्रजी नावे ब्रिटिश काळातल्या हौशी लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या वातावरणात रूढ झाली. त्यामुळे त्यांत सार्जंट आहेत, कमांडर आहेत, बॅरन आहेत, राजे आणि नवाब आहेत. यांतला कमांडर चिखलावर बसलेला हमखास दिसतो. ब्लॅक राजा, टॉनी राजा आणि कॉमन नवाब यांची गोष्ट निराळी. फुलांकडे ते सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. सडलेली फळे, झाडाच्या जखमेतून पाझरणारा आंबलेला रस, शेण, जनावरांची विष्ठा आणि मेलेले खेकडे ही त्यांची पंगत. त्यांना जवळून पाहू इच्छिणारे अभ्यासक आंबलेल्या केळ्यांचे किंवा कुजलेल्या कोळंबीचे आमिष ठेवतात. नवाबी थाट पोशाखातच असतो. ताटात काय आहे, ते न पाहिलेले बरे.

कॉमन क्रो आणि ब्लू टायगर यांच्या कुळातले नर आणखी एका शोधात असतात. खुळखुळा, भुरुंडी अशा वनस्पतींच्या वाळलेल्या, कोमेजलेल्या भागांवर ते झुंबड करतात आणि त्यांतली अल्कलॉइड द्रव्ये शोषतात. ही द्रव्ये कडू आणि विषारी असतात. ती अंगात असली की पक्षी त्यांना खात नाहीत, आणि मादीला मोहित करणारा गंध त्यांपासूनच तयार होतो. एकाच औषधाने शत्रू पळतो आणि प्रेयसी येते. अशी जाहिरात भिंतीवर वाचली तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण या नरांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

मीठ मिळवण्याच्या जागांमध्ये डोळ्यांतले अश्रूही येतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात उन्हात बसलेल्या कासवांच्या डोळ्यांवर फुलपाखरे गोळा होतात. कोस्टा रिकात मगरीच्या जातकुळीतल्या केमन या प्राण्याच्या डोळ्यांतले अश्रू पिणाऱ्या ज्युलिया फुलपाखराचे आणि मधमाशीचे छायाचित्र कार्लोस दे ला रोसा यांनी टिपले आणि ते २०१४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. नक्राश्रूंची किंमत माणसाने फार खाली आणून ठेवली आहे. फुलपाखराने त्यांची चव पाहून वेगळे मत नोंदवले. पतंगांनी तर याच्याही पुढची मजल मारली. आग्नेय आशियात काही पतंग गुराढोरांचे अश्रू पितात. तिथला कॅलिप्ट्रा युस्ट्रिगाटा हा पतंग सोंडेने कातडी भोसकून सस्तन प्राण्यांचे रक्तही पितो, हे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स बेन्झिगर यांनी शोधून काढले.

अति तेथे माती

मीठ हवे असते याचा अर्थ कितीही हवे असते, असा नाही. अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. ते पाण्याबरोबर कडेच्या झुडपांत मुरते आणि पानांतून सुरवंटांच्या पोटात जाते. एमिली स्नेल-रूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की जास्त सोडियम असलेल्या पानांवर वाढलेल्या मोनार्क फुलपाखरांत नरांचे उडण्याचे स्नायू अधिक भरले आणि माद्यांच्या डोळ्यांची वाढ अधिक झाली. पण सोडियम आणखी वाढले की सुरवंट जगण्याचे प्रमाण घटते. पिढ्यान्‌पिढ्या चिखलातून वेचून आणलेले मीठ सरकारी खर्चाने रस्त्याच्या कडेला फुकट मिळू लागले, तेव्हा ते पचवण्याची तयारी कुणाचीच नव्हती.

बागेत चिखलपानाची सोय करायची असेल तर खर्च नगण्य आहे. उन्हाच्या जागी उथळ ताटली ठेवून तीत वाळू किंवा माती भरावी, ती नेहमी ओलसर ठेवावी आणि तीत चिमूटभर मीठ किंवा मूठभर शेणखत मिसळावे. पाणी वाळूच्या वर येऊ देऊ नये. मूठभर मीठ घालण्याचा उदारपणाही करू नये, त्याने फुलपाखरे येत नाहीत आणि शेजारची झाडे जातात. ताटली ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी गर्दी होईल, अशी अपेक्षा धरणे चूक आहे. जागेची ख्याती बसलेल्यांवरून पसरते आणि पहिले गिऱ्हाईक यायला वेळ लागतो, हा नियम इथेही लागू आहे. शेणखताबद्दल घरातून आक्षेप आल्यास ब्लू मॉर्मनच्या सरकारी दर्जाचा उल्लेख करून पाहावा.

रानात निरीक्षण करताना सावली बैठकीवर पडू देऊ नये आणि एकदम पुढे जाऊ नये. वाळूशी डोळे येतील असे बसून राहिले की उडालेली फुलपाखरे परत येतात. चढ चढून आलेला निरीक्षक असा निश्चल बसला, तर कधी कधी एखादे फुलपाखरू त्याच्या मनगटावर येऊन बसते आणि सोंड उलगडून बराच वेळ तिथेच राहते. निसर्गाने आपल्याला आपलेसे केले, अशा भावनेने तो फोटो नंतर घरोघरी दाखवला जातो. फुलपाखराला मनगटावर सापडलेले असते ते सोडियम क्लोराइड, घामात विरघळलेले आणि शेणाइतकेच उपयुक्त.